जुन्या औषधालयाचा ठेवा हाती आला तर: धोके, ओळख, नोंद आणि जतन

जुन्या औषधालयाचे सामान हाती आले की दोन मोह हमखास होतात: बाटल्या धुऊन लखलखीत करायच्या आणि सारख्या दिसणाऱ्या वस्तू एकत्र लावायच्या. दोन्ही टाळा. बाटलीच्या तळाशी बसलेला थर, मानेभोवतीची दोरी आणि फळीवरचा तिचा शेजार हे सगळे त्या वस्तूचेच भाग असतात. बाटल्या हजारोंनी बनल्या. पण कोणती हाताशी होती, कोणती वरच्या फळीवर आणि कोणती कुलपात, ही मांडणी त्या एकाच दुकानाची होती. ती विस्कटली की पुन्हा जुळवता येत नाही.

हात लावण्याआधी

खोलीची दारे-खिडक्या उघडून अर्धा तास तरी हवा खेळू द्या. ईथर, क्लोरोफॉर्म, अमोनिया, पारा यांची वाफ बंद कपाटात साचलेली असते. आत काडी पेटवू नका, सिगारेट तर नकोच.

प्रत्येक कपाटाला अक्षर द्या, फळ्यांना वरून खाली आणि वस्तूंना डावीकडून उजवीकडे क्रमांक द्या. ‘आ-३-१४’ म्हणजे आ कपाट, तिसरी फळी, चौदावी वस्तू. प्रत्येक फळीचा समोरून, मोजपट्टी ठेवून फोटो घ्या. खणांचे फोटो बंद आणि उघडे असे दोन्ही हवेत, कारण खणावरचे नाव आणि आतला माल जुळेलच असे नाही. तात्पुरता क्रमांक कागदी चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा आणि चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधा. चिकटपट्टी लावू नका. ती काढताना सोनेरी अक्षरेही सोबत निघतात.

हातमोजे नायट्राइलचे घ्या. सुती मोज्यांतून काच आणि चकचकीत मुलाम्याची मातीची भांडी निसटतात. बरणी मानेला किंवा कानाला धरून उचलू नका, एक हात तळाखाली आणि दुसरा पोटाला लावा. काचेची बुचे मूळ बाटलीपासून वेगळी होऊ देऊ नका. त्या काळी प्रत्येक बूच आपापल्या मानेत घासून बसवलेले असे, आणि काही जोड्यांवर तर कोरलेला एकच क्रमांक सापडतो. शेजारच्या बाटलीचे बूच नीट बसल्यासारखे दिसते, पण हवाबंद होत नाही.

आधी धोका शोधा

ही पायरी वगळून कुणी थेट नोंदणीला बसले तर काम तिथेच थांबवा. बहुतेक जुनी औषधे आज निरुपद्रवी धूळ झालेली असतात. मोजकी काही मात्र काळाबरोबर अधिक घातक होतात.

पहिला नंबर पिक्रिक आम्लाचा. पिवळे स्फटिक. भाजलेल्या जागी लावायला आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासायच्या एस्बाखच्या द्रावणात ते वापरत. ते ओले ठेवायचे असते. पाणी उडून कोरडे झाले की ते स्फोटक बनते, आणि धातूच्या संपर्कातून तयार होणारे पिक्रेट क्षार घर्षणाने आणखी सहज फुटतात. झाकणाच्या आट्यांत अडकलेला एखादा स्फटिक चिरडला जाणे हेच नेमके संकट, म्हणून झाकण फिरवून बघायचे नाही. पिवळा कोरडा माल आणि तसे नाव दिसले तर बाटली जागेवर राहू द्या, खोली रिकामी करा, अग्निशमन दलाला कळवा.

दुसरे ईथर. हवेशी संयोग होऊन त्यात पेरॉक्साइड साठतात. बुचाभोवती किंवा तळाशी पांढरे स्फटिक दिसले तर तिलाही हात लावू नका. कोलोडियन म्हणजे ईथर आणि अल्कोहोलात विरघळवलेले नायट्रोसेल्युलोज. द्रव उडाल्यावर उरणारा पारदर्शक पापुद्रा भुर्रकन पेटतो. क्लोरोफॉर्म उजेडात विघटित होऊन फॉसजीन हा विषारी वायू देतो, त्यामुळे ‘अजून वास येतो का’ म्हणून बाटली नाकाशी नेण्याची सवय सोडा. हुंगून ओळखणे ही जुन्या कंपाउंडरची कला होती. त्याला माल कालचा की परवाचा हे ठाऊक असे, तुम्हाला नाही.

शेजारही पाहा. पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीन एकत्र सांडले तर आपोआप पेट घेतात. आयोडीनचे स्फटिक आणि अमोनिया यांच्यापासून वाळल्यावर पिसाच्या स्पर्शानेही फुटणारा पदार्थ बनतो. पोटॅशियम क्लोरेट गंधकापासून दूर ठेवा. असे जोड फोडून वेगवेगळ्या ट्रेमध्ये हलवा आणि मूळ जागा नोंदवून ठेवा.

विषारी माल कपाटात भरपूर असतो: सोमल, रसकापूर, कुचल्यातील स्ट्रिक्निन, बचनागाचा अर्क. थॉमस फाउलर यांनी १७८६ मध्ये प्रसिद्ध केलेले फाउलरचे द्रावण म्हणजे सोमलाचे साधारण एक टक्क्याचे पाणी. पाण्याशी गल्लत होऊ नये म्हणून त्यात अनेकदा लव्हेंडरचा अर्क घालत. अफूचे आणि कोकेनचे पदार्थ विषारी तर आहेतच, शिवाय बहुतेक देशांत त्यांचा ताबा परवान्याशिवाय गुन्हा ठरतो. ते आधी कळवा, मग यादी करा.

किरणोत्साराची शंका गायगर यंत्राने तपासा. १९२० च्या दशकात अमेरिकेत ‘रेडिथॉर’ नावाचे रेडियममिश्रित पाणी बाटलीतून विकले जात होते. ते दीर्घकाळ पिणारे इबेन बायर्स १९३२ मध्ये वारले. रेडियम-२२६ चे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे, म्हणजे त्या काळच्या रिकाम्या बाटल्याही आज जवळपास तितक्याच किरणोत्सारी आहेत.

काय ठेवायचे आणि काय काढायचे? अनेक संग्राहक सगळ्या बाटल्या रिकाम्या करून मोकळे होतात. आमचे मत वेगळे आहे. स्थिर, घट्ट बंद, कमी विषारी माल आतच ठेवावा, कारण तोही पुरावा असतो. स्फोटक, गळका, वाफ सोडणारा किंवा कायद्याने बंदी असलेला माल मात्र रासायनिक कचऱ्याची अधिकृत विल्हेवाट लावणाऱ्यांकडे द्या. देण्याआधी रंग, पातळी आणि थर यांचे फोटो घ्या आणि बाटली परत मागा. मोरीत काही ओतू नका, दोन उरलेले द्रव एकत्रही करू नका.

चिठ्ठीवरचे लॅटिन

औषधालयातील नावे लॅटिनमध्ये आणि तोडून लिहिलेली असतात. ‘टिंक्ट’ म्हणजे मद्यार्कातील अर्क, ‘सिर’ सरबत, ‘उंग’ मलम, ‘एम्प’ लेप, ‘पुल्व’ चूर्ण, ‘एक्व’ पाणी, ‘ओल’ तेल, ‘लिक’ द्रावण. वनस्पतीच्या भागांसाठी ‘रॅड’ मूळ, ‘कॉर्ट’ साल, ‘फोल’ पाने, ‘सेम’ बी. ब्रिटिश मुलामी बरण्यांवर पहिलेच अक्षर अनेकदा प्रकार सांगते: ‘एस’ असेल तर सरबत, ‘ओ’ असेल तर तेल, ‘यू’ किंवा ‘व्ही’ असेल तर मलम, कारण लॅटिन लेखनात ही दोन अक्षरे एकमेकांच्या जागी येत.

एका जोडीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. ‘हायड्रार्ज सब्क्लोर’ म्हणजे कॅलोमेल, एकेकाळी सर्रास दिले जाणारे रेचक. ‘हायड्रार्ज परक्लोर’ म्हणजे मर्क्युरिक क्लोराइड, थोड्या मात्रेतही जीव घेणारे. नोंद करताना अर्धवट फाटलेल्या चिठ्ठीवर अंदाजाने ‘सब’ लिहू नका. जेवढी अक्षरे दिसतात तेवढीच उतरवा आणि बाकी जागी टिंबे द्या.

चुकीच्या नावाने पडून राहिलेली अवजारे

जुन्या संग्रहांत सर्वांत जास्त गोंधळ इथे असतो. सपोझिटरीचा, म्हणजे गुदमार्गाने घ्यायच्या औषधी वडीचा, साचा बंदुकीच्या गोळ्यांचा साचा म्हणून नोंदला जातो, कारण दोन अर्धी फाळे, मध्ये स्क्रू आणि निमुळते खड्डे हे रूप सारखेच. सपोझिटरीच्या साच्यातले खड्डे एका टोकाला गोलसर आणि वरून उघडे असतात, कारण वितळलेले कोको बटर तिथून ओततात. बीडाचे, मगरीच्या आकाराचे बूच-दाब यंत्र अडकित्ता समजून स्वयंपाकघराच्या वस्तूंत जाते. त्याच्या जबड्यात उतरत्या मापाचे तीन-चार खाचे असतात आणि त्यांत बूच दाबून नरम करत, म्हणजे ते मानेत घट्ट बसे. लेप पसरायची लोखंडी पट्टी डाग देण्याची समजली जाते. अर्क पिळायचा स्क्रूदाब फळांच्या रसाचा ठरतो.

गोळ्या वळण्याचे यंत्र ओळखायला सोपे, पण पूर्ण मिळायला अवघड. त्याचे भाग असे: लाकडी पाट, त्यावर अर्धगोल खोबणींची पितळी पट्टी, तशाच खोबणींचा दोन मुठींचा वरचा कापणी-भाग आणि गोळ्या पडायचे खालचे ताट. खलात मळलेल्या गोळ्याची पाटावर वळी करत. तिची लांबी खोबणींच्या संख्येइतक्या गोळ्यांची असे. मग वरचा भाग तिच्यावर पुढे-मागे फिरवला की तिचे समान तुकडे पडत आणि गोलही होत. तपासताना दोन्ही भागांच्या खोबणी समोरासमोर धरून रुंदी जुळवा. संख्या सारखी असूनही रुंदी जुळली नाही तर दोन वेगळ्या यंत्रांचे भाग एकत्र आले आहेत. यंत्रासोबत खळगा असलेली लाकडी चकती सापडली तर तिला झाकण म्हणून फेकू नका. गोळीला अखेरचा गोलावा देण्यासाठी ती होती. दोन अर्धांत उघडणारा गुळगुळीत लाकडी चेंडू म्हणजे गोळ्यांना चांदीचा वर्ख चढवायचे भांडे. आत वर्खाचे कण असतील तर पुसू नका.

पोलादाची छोटी नळी, तळाला बैठक आणि वरून ठोकायचा दट्ट्या असा संच असेल तर तो चूर्ण दाबून वडी करण्याचा. विल्यम ब्रॉकेडन यांनी १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये याच पद्धतीचे पेटंट घेतले. दाबून केलेल्या आजच्या गोळीची वाट तिथून सुरू झाली.

खलाचा धातू त्याचे काम सांगतो. घंटेच्या काशाचे, म्हणजे साधारण तीन-चतुर्थांशाहून थोडे जास्त तांबे आणि बाकी कथील असलेले खल मुळे-साली कुटायला उत्तम. पण आम्ले आणि पाऱ्याचे क्षार त्यांना खातात आणि औषधात धातू उतरतो. म्हणूनच अठराव्या शतकाच्या अखेरीस वेजवुडचे कठीण, न झिजणारे चिनी मातीचे खल आले. काशाच्या खलावरचे साल पाहण्याआधी आतला तळ पाहा. दोन-तीनशे वर्षे कुटलेल्या खलाचा तळ गुळगुळीत आणि किंचित खोलगट असतो. बाहेर सतराव्या शतकाचे साल आणि आत ओतकामाचा खरबरीतपणा जसाच्या तसा असेल तर ती शोभेची प्रत.

वजने: एक ग्रॅमचीही घाई नको

औषधांची जुनी इंग्रजी मापे: २० ग्रेन म्हणजे १ स्क्रूपल, ३ स्क्रूपल म्हणजे १ ड्राम, ८ ड्राम म्हणजे १ औंस, १२ औंस म्हणजे १ पौंड. १ ग्रेन ६४.८ मिलिग्रॅम, स्क्रूपल १.२९६ ग्रॅम, ड्राम ३.८८८ ग्रॅम आणि औंस ३१.१०३ ग्रॅम. मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या आणि प्रत्येक वजन तोला. ‘औंस’ २८.३५ ग्रॅम भरला तर ते बाजारचे सामान्य वजन आहे, औषधाचे नव्हे. सुमारे २९.८ ग्रॅम भरला तर न्यूरेंबर्ग परंपरेचे जर्मन वजन असण्याची शक्यता मोठी. ब्रिटनमध्ये औषधी वजने १९७१ च्या सुरुवातीला व्यवहारातून गेली, त्यामुळे विसाव्या शतकातले संचही तुम्हाला मिळतील.

ड्रामचे चिन्ह देवनागरी तीनसारखे दिसते आणि औंसचे त्यावर आणखी एक वळण घेऊन येते. झिजलेल्या वजनावर तो फरक पुसला तर आठपटींची चूक होते. म्हणून चिन्ह वाचून नव्हे, तोलून नोंद करा.

वजनांना पॉलिश तर अजिबात नको. पॉलिश म्हणजे धातू घासून काढणे, आणि ज्याचा सगळा अर्थ वजनात आहे त्याचेच वजन तुम्ही कमी करता. तराजूची दांडी हलवण्याआधी अडकवा, पारडी काढून वेगळी गुंडाळा. जुने रेशमी दोरे ओढले की तुटतात. तुटले तरी बदलू नका, पाकिटात घालून त्याच पेटीत ठेवा.

काळ ठरवताना

बाटलीवरची साच्याची शिवण बोटाने वर नेत जा. शिवण ओठाच्या खाली संपत असेल तर ओठ हाताने घडवला आहे, ओठावरून जात असेल तर बाटली यंत्राची. मायकेल ओवेन्स यांचे स्वयंचलित बाटली-यंत्र १९०३ च्या सुमारास कामाला लागले. पण औषधालयांसाठीच्या थोड्या संख्येच्या बाटल्या नंतरही काही वर्षे हातानेच घडत राहिल्या, त्यामुळे शिवण हा एकटा पुरावा मानू नका. तळाला फोडल्याचा खरबरीत डाग असेल तर ती साधारण १८६० च्या दशकाआधीची. काचेखाली चिठ्ठी बसवलेल्या बाटल्यांचे पेटंट अमेरिकेत १८६२ मध्ये झाले, आणि काहींच्या तळावर ती तारीखच उठावात असते.

कागदी पुरावे अधिक नेमके. ब्रिटिश पेटंट औषधांवरील कराचे तिकीट १७८३ ते १९४१ या काळातले. अमेरिकी औषधावरचे खासगी कर-तिकीट १८६२–१८८३ किंवा १८९८–१९०२ चे. अमेरिकेच्या १९०६ च्या अन्न-औषध कायद्याखाली ‘हमी’ लिहिलेली चिठ्ठी अर्थातच त्यानंतरची. ‘बी. पी.’ अशी अक्षरे असतील तर १८६४ नंतर, कारण ब्रिटिश फार्माकोपिया हा औषधांचा अधिकृत मानकग्रंथ तेव्हाच आला.

निळ्या-हिरव्या, कोन आणि खवले असलेल्या बाटल्या विषासाठी: अंधारातही बोटाला कळावे म्हणून. जांभळट काच मँगनीजमुळे उन्हात हळूहळू रंगते. रंग फार गडद असेल तर मुद्दाम किरणांखाली ठेवून रंगवली आहे असे समजा. विक्रेते तिला जास्त जुनी म्हणून विकतात.

मुलामी बरण्या आणि नकला

अल्बारेलो म्हणजे मधे कंबर असलेली उभी बरणी. पश्चिम आशियातून हा आकार स्पेन आणि इटलीत गेला. गर्दीच्या फळीवरून बोटांनी सहज ओढता यावी म्हणून ती कंबर, आणि ओठाची बाहेर आलेली कड कातडी झाकण दोरीने बांधायला. म्हणून खऱ्या वापरातल्या बरणीच्या ओठाखाली दोरीने घासलेली जागा असते आणि तळ असमान झिजलेला असतो. एकोणिसाव्या शतकात फ्लॉरेन्सच्या कांतागल्ली आणि पॅरिसच्या सॅमसन कारखान्यांनी जुन्या धाटणीच्या सुंदर प्रती केल्या. कांतागल्लीच्या तळाला कोंबड्याचे चिन्ह सापडते. जळवांच्या बरण्या तर आज खऱ्यापेक्षा नकली जास्त. झाकणाची भोके हवेसाठी होती, ती स्वच्छ आणि भाजण्याआधी पाडलेली हवीत.

अंधारात ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चने बरणी फिरवून पाहा. लाखेची जुनी डागडुजी नारिंगी चमकते, नवे रंगकाम आसपासच्या मुलाम्यापेक्षा वेगळे दिसते. युरेनियम काच झगझगीत हिरवी होते. मँगनीज काचेचा हिरवा मात्र फिका असतो, त्यात गल्लत होते.

स्वच्छता

चिठ्ठी असलेल्या बाटलीला पाणी लावायचेच नाही, मऊ ब्रशने धूळ झटका. चिठ्ठी नसलेल्या काचेवर ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून पिळलेला कापसाचा बोळा चालतो. मुलामी बरणी कधीही बुडवू नका: मुलाम्याच्या भेगांतून माती पाणी पिते, आतले क्षार सुकताना बाहेर येऊन मुलामा उचकटतात आणि जुना जोड सुटतो. काशावर फिकट हिरवी भुकटी दिसली तर तो क्लोराइडचा रोग आहे. ती वस्तू वेगळी करून ४० टक्क्यांपेक्षा कमी आर्द्रतेत ठेवा आणि धातूच्या संवर्धकाला दाखवा. अडकलेले काचेचे बूच रिकाम्या बाटलीचे असेल तरच प्रयत्न करा: सांध्यावर ग्लिसरीनचे थेंब सोडून काही दिवस थांबा, मग मान कोमट फडक्याने हळूहळू तापवा. माल असेल तर ते तसेच राहू द्या.

लाकडी खणांतल्या सुक्या मालात एक-दोन मिलिमीटरची भोके आणि बारीक भुसा दिसला तर तो बहुधा औषधांवर जगणारा भुंगा, स्टेगोबियम पॅनिसियम. सुक्या जडीबुटीचा खण पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांत दोन आठवडे ठेवा. द्रव भरलेली काच या पद्धतीने नको.

नोंद आणि ठेवण

कायम क्रमांकात वर्ष, लॉट आणि वस्तू हवी, जसे २०२५.३.१७. काच, धातू आणि मुलाम्यावर पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक राळेचे ॲसिटोनमधील १५ टक्क्यांचे द्रावण लावून पातळ थर सुकू द्या, त्यावर पिगमेंट शाईने लिहा, वर पुन्हा एक थर द्या. जागा तळाजवळ, नावापासून आणि सोनेरी कामापासून दूर निवडा. रंगवलेल्या वस्तू, प्लास्टिक आणि लाकूड यांना शाई नको, सुती पट्टी बांधा. बूच, झाकण आणि प्रत्येक सुट्या भागाला तोच क्रमांक, पुढे क, ख, ग.

नोंदीत मूळ जागा, मापे, वजन, चिठ्ठी जशीच्या तशी, मालाची अवस्था आणि धोक्याची खूण या गोष्टी लागतातच. शिवाय ‘कशावरून’ हा रकाना ठेवा: ‘१८६२ नंतर, तळावरील पेटंट तारखेवरून’. सालासमोर कारण नसेल तर पुढच्या माणसाला ते तपासता येत नाही.

ओकच्या बंद कपाटात शिसे ठेवू नका. लाकडातून निघणारी आम्ले शिशाच्या झाकणांना पांढऱ्या विषारी भुकटीत बदलतात. रडणाऱ्या, चिकट झालेल्या काचेला साधारण ४० टक्के आर्द्रता मानवते. चिठ्ठ्या आणि नोंदवह्यांवर उजेड ५० लक्सपेक्षा जास्त नको. लोह-माजूफळाच्या शाईच्या वह्या जितक्या कमी उघडाल तितक्या टिकतील, आणि दमट हवेत ती शाई कागद खाते. प्रिस्क्रिप्शनच्या वहीत रुग्णांची नावे आणि आजार असतात, म्हणून प्रदर्शनात किंवा इंटरनेटवर पान टाकताना नावे झाका.

ठेवलेल्या मालाची वर्षातून दोनदा पाहणी करा. प्रत्येक बाटलीच्या पहिल्या फोटोशेजारी नवा फोटो धरून द्रवाची पातळी जुळवा. पाच मिलिमीटरनेही खाली गेली असेल तर बूच आटले आहे किंवा मान तडकली आहे. ती बाटली फळीवरून काढून गळतीच्या ट्रेमध्ये ठेवा आणि तिच्या डाव्या-उजव्या दोन्ही शेजाऱ्यांच्या चिठ्ठ्याही त्याच वेळी तपासा.